पायातला राणी रंगाचा दोरा

मार्गशीर्ष लागला की आमच्या गल्लीतल्या कोंबड्यांना महिनाभर अभय मिळतं, असं माझी बायको म्हणायची. घरोघरी गुरुवारी महालक्ष्मीचा कलश मांडला जातो, मटणाची भांडी माळ्यावर जातात, आणि कोंबड्या रस्त्याच्या मधोमध अशा चालतात की जणू त्यांनाही तिथी कळते. यंदा हा महिना नाताळच्या तोंडावर संपत होता. म्हणजे इकडे महिना संपायचा आणि तिकडे शाळांना सुट्या लागायच्या, पुण्या-मुंबईचे पाहुणे यायचे, धरणाकडच्या फार्महाउसांवर गाड्या लागायच्या. मग ज्याला त्याला गावरान कोंबडा हवा असतो, आणि तो बाजारात सहजी मिळत नाही.

आमचं घर गंगापूर रोड सोडून बरंच आत आहे. इथे पूर्वी द्राक्षबागा होत्या. प्लॉट पडले, बंगले झाले, तरी मधूनमधून रिकाम्या जागा राहिल्या आणि त्यांत कोंबड्यांचं फावलं. बायको शेतकऱ्याची मुलगी. घर बांधलं तेव्हा तिने देवघराच्या आधी खुराड्याची जागा ठरवली होती. मी कॉलेजच्या ग्रंथालयात आयुष्य काढलं. कोंबड्या तिच्या आणि पुस्तकं माझी, अशी आमची वाटणी होती. तिने माझ्या कपाटांना कधी हात लावला नाही, आणि मी खुराड्याकडे कधी वळलो नाही.

श्रावणात ती गेली. दोन दिवस ताप, मग दवाखाना, आणि मग काही नाही.

दिवसकार्य आटोपलं, पाहुणे गेले, मुलगीही पुण्याला परतली. पहिल्या सकाळी मी चहा घेऊन मागच्या दारात उभा राहिलो, तर खुराड्यातून आरडाओरडा चालला होता. मी दार उघडलं. आषाढात रवणाला बसवलेल्या कोंबडीची पिल्लं आता चांगली चालती-फिरती झाली होती. अंडी कोंबडीखाली उबवायला ठेवतात त्याला रवण म्हणतात, हा शब्द मला ऐकून माहीत होता. काही पिल्लं मुंगसाने नेली होती. उरलेल्यांतल्या काहींच्या पायात लोकरीचा दोरा बांधलेला दिसला, भडक राणी रंगाचा. दृष्ट लागू नये म्हणून बांधला असेल, असं मला वाटलं. पाय वाढत होते आणि दोरा रुतायला लागला होता. एकाच्या पायाला तर सूजच होती. मी तिच्या शिवणाच्या डब्यातली लहान कात्री आणली, पायरीवर बसलो आणि एकेका पिल्लाला मांडीवर घेऊन सगळे दोरे कापून टाकले. हळद लावली. तिच्या माघारी तिच्या पाखरांसाठी मी केलेलं ते पहिलं काम. त्या दिवशी मला जेवण गेलं.

पुढच्या तीन महिन्यांत पिल्लांचे तलंगा आणि कोंबडे झाले. तलंग म्हणजे अजून अंड्यावर न आलेली तरणी कोंबडी, हेही मी याच दिवसांत शिकलो. त्यांत एक कोंबडा वेगळाच निघाला. अंग काळं, मान तांब्याच्या जुन्या घंगाळासारखी. दुपारी चहाच्या वेळेला तो न चुकता धुण्याच्या दगडावर येऊन बसायचा. त्या दगडावर बसून ती तांदूळ निवडायची आणि कणी खाली टाकायची, म्हणून असेल. एका सकाळी तो आरवायला लागला. घसा बसलेल्या माणसासारखा आवाज, मध्येच तुटलेला. मला हसू आलं, आणि हे तिने ऐकलं नाही, हे लक्षात आल्यावर मी आत निघून गेलो.

नात रोज फोनवर म्हणायची, "आजोबा, त्याला आरवायला सांगा." मी फोन खिडकीबाहेर धरायचो. तो कधीही आरवायचा नाही. नाताळच्या सुट्टीत ती येणार होती. ती येईपर्यंत बायकोने मागे ठेवलेलं एकही पाखरू कमी होऊ द्यायचं नाही, एवढं मी ठरवलं. दुसरं काही ठरवण्याची ताकद तेव्हा माझ्यात नव्हती.

शेजारची वहिनी भिंतीवरून डोकावायला लागली ती याच सुमाराला.

ती मूळची नामपूरकडची. तिचे यजमान द्राक्षांच्या पॅकिंगवर रात्री रखवालीला जातात आणि दिवसभर झोपतात. तिच्याकडेही चार म्हाताऱ्या कोंबड्या आहेत. आमच्याशी ती शहरी बोलायचा प्रयत्न करते, कोंबड्यांशी मात्र अहिराणी. "आठे ये वं, आठे ये," असं बोलावते, म्हणजे इकडे ये. बायकोचं आणि तिचं भिंतीवरून बोलणं चालायचं, एवढंच मला माहीत. काय बोलतात ते मी कधी ऐकलं नव्हतं. मी वाचत असायचो.

"पिल्लं मोठी झाली हो सर," एकदा ती म्हणाली.

"झाली."

"लय छान वाढवली तुम्ही. कोंबडे किती निघाले?"

"मोजले नाहीत," मी म्हणालो. खरं तर मी रोज संध्याकाळी मोजत होतो.

"आणि तलंगा?"

"वहिनी, चहा गॅसवर आहे," म्हणून मी आत आलो. चहा नव्हता. मी स्वयंपाकघराच्या खिडकीच्या आडून पाहिलं. ती अजून तिथेच होती. कोंबड्यांच्या अंगाकडे, पिसांकडे ती बघत नव्हती. त्यांच्या पायांकडे बघत होती. बाजारात जनावर घेणारा माणूस असा पायांकडे बघतो, हे मला बालपणापासून ठाऊक होतं.

मग मी एकेक गोष्ट टिपायला लागलो. भिंतीच्या माझ्या बाजूला, अगदी कडेला, बाजरीचे दाणे सांडलेले दिसले. मी तर मका घालत होतो. दुपारी दोन कोंबडे भिंतीवर चढून पलीकडे उडी मारतात, हेही दिसलं. संध्याकाळी परत येत, पण पोट भरलेलं असे. माझ्या दाण्याला ते तोंड लावत नसत. पाखराला आधी दाण्याची सवय लावतात आणि मग त्याला परतायला घर राहत नाही, असं कुठेतरी वाचलं होतं. कुठे ते आठवेना. मी वाचण्याच्या खुर्चीची जागा बदलली आणि मागच्या दारात, भिंत दिसेल अशी बसवली. थंडी वाढली होती. निफाडचा पारा उतरला की पेपरात पहिल्या पानावर येतं. आमच्याकडे खुराड्यावरचं गोणपाट सकाळी ओलं लागतं, एवढाच काय तो फरक. अंगावर शाल घेऊन मी बसायचो. हातात पुस्तक असायचं, पण पान उलटायचं नाही.

वहिनी अंगणात फिरायची तेव्हा तिच्या डोक्यावर कानटोपी असायची. तिचा गडद राणी रंग भिंतीच्या वरून सरकताना दिसला की मी सावध व्हायचो.

मार्गशीर्षाचा शेवटचा आठवडा आला तसा कोंबडीवाला गल्लीत फिरू लागला. मोटरसायकलला मागे दोन्ही बाजूंना जाळीचे पिंजरे, अजून रिकामे. तो आमच्या फाटकाशी थांबला.

"काका, कोंबडे हायेत का? थर्टीफर्स्टला लागतील. बोला, जे म्हणाल ते देतो."

"विकायचे नाहीत."

"सगळे आधी असंच म्हणतात." तो हसला. "बरं, राहू द्या. शेजारच्या मावशींनी दोन सांगून ठेवलेत. त्यांचे तेवढे नेतो."

"त्यांच्याकडे कोंबडे कुठे आहेत?" मी विचारलं. "म्हाताऱ्या कोंबड्याच आहेत चार."

"ते मला काय माहीत काका. गुरुवार झाला की ये म्हणाल्या. शुक्रवारी येतो मी." त्याने किक मारली.

मी फाटकाला धरून उभा राहिलो. जिच्याकडे कोंबडा नाही तिने दोन कोंबडे विकायला काढले आहेत. ते येणार कुठून, हे समजायला फार बुद्धी लागत नव्हती. मी आत गेलो, जुन्या पुस्तकांच्या कपाटाचं पितळी कुलूप काढलं आणि खुराड्याला लावलं.

मुलीला फोनवर सांगितलं तर ती हसतच सुटली. "बाबा, कोंबड्यांना कुलूप? आता त्यांना वाचक कार्डं पण द्या. उशीर झाला तर दंड."

"हसू नकोस. ती बाई तुझ्या आईच्या कोंबड्यांवर डोळा ठेवून आहे."

"काकू? अहो, आई दवाखान्यात होती तेव्हा डबा कोण आणायचं?"

"डबा आणणं वेगळं."

"बाबा, तुम्ही नीट जेवता ना?" तिने विचारलं. मला त्या प्रश्नाचा राग आला. मी म्हणत होतो ते ती ऐकतच नव्हती.

शेवटच्या गुरुवारी सकाळी मी खुराडं उघडून पाखरं मोकळी सोडली आणि पेपर आणायला कोपऱ्यावर गेलो. परत आलो तेव्हा पुढच्या ओट्यावर झाकलेली ताटली होती. व्रताचं उद्यापन असणार, प्रसाद ठेवला होता. ठेवणारी मात्र ओट्यावर नव्हती. मी घराला वळसा घालून मागे गेलो.

वहिनी माझ्या खुराड्याशी उकिडवी बसली होती. ठेवणीतली साडी, कपाळावर हळदीकुंकू, डोक्यावर कानटोपी, आणि मांडीवर माझा काळा कोंबडा उताणा. एका हाताने तिने त्याचे पंख दाबले होते आणि दुसऱ्या हाताने ती त्याचा पाय चाचपून पाहत होती.

"वहिनी!" मी एवढ्या मोठ्याने गेल्या कित्येक वर्षांत बोललो नव्हतो. "सोडा त्याला."

तिने सोडलं नाही. दचकली, पण धरून राहिली.

"आजच्या दिवशी तरी," मी म्हणालो. "देवीचा कलश मांडून येता आणि दुसऱ्याच्या खुराड्यात हात घालता? कोंबडीवाल्याने मला सांगितलंय सगळं. दोन सांगून ठेवलेत तुम्ही. कोणाचे?"

"माझे," ती म्हणाली.

"तुमचे?"

"माझे. तुम्हाला माहीत नाय असं दाखवू नका सर. चार महिने झाले, मी तोंड उघडलं नाय. ताई गेल्या, म्हटलं माणूस दुःखात हाय, कशाला बोलायचं. पिल्लं मोठी होऊ दे. पण तुम्ही दोरे कापले. मी रोज बघते. एकाच्याबी पायात दोरा नाय. शिकलेला माणूस हाय, म्हटलं, हुशारीनं केलंय."

मला काही कळेना. "कसले दोरे?"

"कसले दोरे!" तिने कोंबडा काखेत धरला, उभी राहिली आणि डोक्यावरची टोपी ओढून माझ्यासमोर धरली. "ह्या लोकरीचे. ताईंनीच विणून दिली मला ही टोपी. उरलेल्या लोकरीचे दोरे बांधले त्यांनी. अंडी माझी, कोंबडी त्यांची. माझ्या कोंबड्या रवणाला बसत नाय, म्हाताऱ्या झाल्या. मग पिल्लं निम्मी-निम्मी. दोरा बांधलेली माझी, बिनदोऱ्याची त्यांची."

टोपीचा रंग माझ्या डोळ्यांपुढे होता. महिनाभर भिंतीवरून सरकताना मी तो पाहत होतो. तोच रंग मी श्रावणानंतर पायरीवर बसून कात्रीने कापला होता आणि केरात टाकला होता.

मी पायरीवर बसलो. "मला वाटलं दोरा रुततोय," मी म्हणालो. "एकाच्या पायाला सूज होती."

"मग सैल करायचा. ताई दर आठवड्याला सैल करायच्या."

"मला माहीत नव्हतं."

तिने माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. माझं खरं मानावं की नाही, हे तिचं ठरत नव्हतं. माझंही ठरत नव्हतं. असा व्यवहार झालाच होता कशावरून? सांगू शकेल अशी एकच व्यक्ती होती, आणि ती नव्हती. टोपी तर कुणीही कुणाला विणून देतं.

"पिल्लं एवढीशी असताना कशाला बांधायचे दोरे?" मी विचारलं. मी तिची परीक्षा घेत होतो. "मोठी झाल्यावर वाटून घेता आली असती."

"मोठी झाल्यावर सगळ्यांना कोंबडाच पाहिजे असतो," ती म्हणाली. "ताई म्हणायच्या, नर का मादी कळायच्या आत दोरा बांधायचा. मग जे निघंल ते निघंल. कुणाच्या मनात काय राहत नाय."

हे वाक्य मात्र तिचं नव्हतं. ते माझ्या बायकोचं होतं. घरात पेढ्यांचा पुडा आला तरी ती तो उघडण्याआधी कुणाचे किती ते सांगून टाकायची, म्हणजे नंतर मोठा पेढा कुणी बघू नये. त्या पिल्लांची वाटणी तिने जाण्यापूर्वी करून ठेवली होती, आणि ती मी तिच्याच कात्रीने मोडली होती.

"आता कसं ओळखायचं?" मी म्हणालो.

"तेच बघत होते. दोरा रुतला होता म्हणता ना, मग खूण राहिली असंल. संध्याकाळी येते. पाखरं बसली की गप राहतात."

दिवस कलल्यावर ती आली. येताना बांबूचं डालगं घेऊन आली. मी कुलूप काढलं. तिने कुलपाकडे पाहिलं आणि डालगं खाली ठेवलं. कुलपाबद्दल काही बोलली असती तर बरं झालं असतं. आत पाखरं दांडीवर एकमेकांना चिकटून बसली होती. ती एकेकाला अलगद उचलून माझ्या हातात द्यायची, मी पायाच्या नळीवरून बोट फिरवायचो, मग ती फिरवायची. दोरा जिथे बसला होता तिथे खवले किंचित दबलेले होते. डोळ्याला दिसत नव्हतं, बोटाला लागायचं. एक तलंग सापडली. मग एक कोंबडा, मग आणखी एक. आमचं बोलणं त्या पायांपुरतंच चाललं होतं. "हाय." "आहे." "नाय." "नाही."

काळा कोंबडा सगळ्यात शेवटी निघाला. तो कोपऱ्यात बसला होता.

तिने आधी हात फिरवला. वरून खाली, खालून वर. "याच्या पायाला काय नाय," ती म्हणाली. "हा ताईंचा."

मी त्याला हातात घेतलं. तो उबदार होता आणि झोपेतच घशात काहीतरी पुटपुटला. मी बोट फिरवलं. तिच्या बोटांना आयुष्यभराच्या कामाने घट्टे पडले होते. माझी बोटं पुस्तकांची पानं उलटून मऊ राहिलेली. नळीच्या मागच्या बाजूला, टाचेच्या थोडं वर, एक बारीक रेघ होती. सूज होती तो हाच पाय. हळद मी यालाच लावली होती.

ती डालग्याचं तोंड बांधत होती. मी गप्प राहिलो असतो तर गोष्ट तिथेच संपली असती. नातीला तो दाखवता आला असता. दगडावर चहाच्या वेळेला तो बसला असता. पण ज्या बाईवर मी महिनाभर पाळत ठेवली, ती स्वतःचं पाखरू माझं म्हणून सोडून निघाली होती, आणि त्या अंधारत्या खुराड्यापाशी चोर कुणी असलाच तर तो मी होणार होतो.

"आहे," मी म्हणालो. "मागच्या बाजूला. पुन्हा बघा."

तिने पाहिलं. तिला लागलं की नाही कोण जाणे. तिने माझ्या तोंडाकडे पाहिलं.

"नक्की?"

"नक्की."

"मग याला विकत नाय मी," ती म्हणाली. "माझ्याकडं कोंबडाच नाय ठेवायला. बाकीचे दोन जातील उद्या. हा राहील." आणि तिने त्याला काखेत घेतलं. डालग्यात टाकला नाही.

दुसऱ्या दिवशी कोंबडीवाल्याची मोटरसायकल शेजारच्या फाटकाशी थांबली. मी खिडकीतून पाहिलं, पिंजऱ्यात काय काय गेलं ते. खरं सांगायचं तर दोनच गेले याची खात्री करून घेतली.

नाताळच्या सुट्टीत नात आली. तिला मी सांगितलं की आजीचा काळा कोंबडा शेजारच्या आजींचा होता. तिने विचारलं, "मग तुमच्याकडे कसा राहत होता?" मी म्हणालो, "आपल्या कोंबडीने त्याला वाढवलं." तिला ते पटलं. ती दिवसभर भिंतीपलीकडेच असायची. पहाटे त्याचं आरवणं पलीकडून यायचं. आता आवाज तुटत नाही, चांगला सरळ येतो.

खुराड्याचं कुलूप मी काढून परत पुस्तकांच्या कपाटाला लावलं. मात्र दुपारी चहाच्या वेळेला काळा कोंबडा अजून भिंत ओलांडून येतो आणि धुण्याच्या दगडावर बसतो. परवा मी पायरीवर उभा होतो, तेव्हा भिंतीवर राणी रंगाची टोपी उगवली.

"आठे ये रे," तिने त्याला हाक मारली. तो हलला नाही. मग तिने माझ्याकडे पाहिलं. "सर, हा रोज इकडंच येतो. संध्याकाळी माझ्या दाण्याला तोंड लावत नाय. तुम्ही काय घालता का त्याला?"

"नाही हो वहिनी," मी म्हणालो. "मी कशाला घालू?"

ती माझ्या उजव्या हाताकडे बघत राहिली. मी मूठ शालीच्या आत घेतली. मुठीत तांदळाची कणी होती.